बांगडे की तारल्या

गवंडी खिडकीत पालथा झोपून दगड बसवत होता. भिंत इतकी जाड होती की त्याचे फक्त पाय कोठडीत लोंबत होते. ब्लासी खाली उभा राहून त्याला एकेक दगड वर देत होता. खिडकी त्याच्याच कोठडीची होती, पण हुकूम तसा होता.

गवंड्याचं नाव जाकिनो. हात चालू होते तसंच तोंडही. हा राजाचा किल्ला चारशे वर्षं समुद्रात पाय बुडवून उभा होता, असं तो सांगत होता. वसंतात एटना ज्वालामुखी फुटला, लाव्हा कतानिया शहरातून खाली उतरला, किल्ल्याचा खंदक भरून समुद्राला मागे सारत पुढे गेला. किल्ला मात्र तसाच राहिला.

"माझं घर सरळ गिळलं, आणि राजाच्या घराला वळसा घालून गेला," जाकिनो म्हणाला. "लाव्ह्यालाही माणसं कळतात बघ."

दारात चणे खात बसलेला शिपाई हसला.

खंदक भरल्यामुळे बाहेरची जमीन वर आली होती. या बाजूच्या खिडक्यांतून आता कोणीही उडी मारून पळेल, असं किल्लेदाराला वाटत होतं. म्हणून सगळ्या बुजवायच्या होत्या. बाकीच्या झाल्या होत्या. ही शेवटची.

ब्लासी दगड देताना मध्येच थांबून कान देत होता. आज शनिवार होता.

जकातीच्या माणसाला वल्हं मारलं म्हणून तो आत आला होता. कैद्याने बाहेर आवाज टाकला तर त्याला थेट राजाच्या गलबतावर वल्ही मारायला धाडत, आणि तिथून सहसा कोणी परतत नसे. बाहेरच्या माणसालाही कैद्याशी बोलायची बंदी होती. मासे विकायला मात्र बंदी नव्हती. वेनेरा, त्याची बायको, दर शनिवारी भावाची होडी घेऊन खिडकीखाली यायची आणि मासे ओरडायची. ती ओरडायची ते ऐकून घरी काय चाललंय ते ब्लासीला समजायचं. त्याला पकडून नेलं तेव्हा तिला दुसरा महिना होता. दारात त्याचा सदरा नीट करता करता ती पुटपुटली होती, मुलगा झाला तर बांगडे, मुलगी झाली तर तारल्या.

"बांगडेच ओरड," तो म्हणाला होता.

मग लाव्हा आला आणि होडी बंद झाली. आता काही आठवड्यांपासून वेनेरा नव्या किनाऱ्यावरून चालत यायची. मधला खडक अजून आतून तापलेला होता. पाऊस पडला की त्यातून वाफ निघायची. तिला लांबूनच ओरडावं लागे. आवाज तिचाच, शेवटी लांबवलेला सूरही तिचाच, पण मधला शब्द वारा खाऊन टाकायचा. दिवस भरून गेले होते, त्यावरून आपल्याला मूल झालं असणार एवढंच ब्लासीला समजलं होतं.

एक हातभर भोक उरलं असताना ती ओरडली.

"ऐक," ब्लासी म्हणाला. "कुठले मासे म्हणाली?"

"कोण जाणे. खडकावर मासे विकतेय, वेडीच असणार."

"विचार ना तिला, मिस्त्री. तुला कोण अडवतंय?"

"तू घेणार आहेस का?"

"विचार फक्त."

जाकिनोचा आवाज बाजारात वाढलेला होता. त्याने भोकाला तोंड लावून हाक मारली, ए बाई, टोपलीत काय आहे? गिऱ्हाईक मिळालं तर कुठलीही मासेवाली जवळ येतेच. वेनेरा पायवाट सोडून त्या तापलेल्या खडकावरून पुढे आली असणार, कारण या वेळी तिचा आवाज भिंतीच्या अलीकडे, खाली कोठडीतही पोचला.

"तारल्या," ती म्हणाली. "लहान आहेत, पण चांगल्या आहेत."

ब्लासीने हातातला दगड खाली ठेवला. तारल्या, तो स्वतःशीच म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला. मुलीचा चेहरा कसा असेल ते त्याला डोळ्यांपुढे आणता येईना, कारण त्याने एवढं लहान मूल कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याला हसू येत होतं. नाक गळत होतं, ते त्याने बाहीला पुसलं.

वर जाकिनो कतानियाच्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखा बोलत होता. आधी मालाला नावं ठेवायची, मग भाव पाडायचा, मग घ्यायचा.

"तारल्याच का? मला वाटलं बांगडे असतील. तारल्या कोणाला हव्यात. घेऊन जा परत."

हे शब्द ब्लासीच्या डोक्यात उशिरा शिरले. शिरले तेव्हा तो खिडकीखाली धावला आणि जाकिनोचे पाय धरून ओढू लागला.

"घेतो म्हणावं," तो ओरडला. "सगळ्या घेतो म्हणावं तिला. घेतो!"

आवाज जाकिनोच्या अंगावर आपटून कोठडीतच फिरला. शिपायाने मान वर केली. गलबताचा विचारही ब्लासीच्या मनात आला नाही. पण शिपाई नुसताच हसला, आणि तळायला तेल कुठून आणणार ते त्याने विचारलं.

"पाय सोड, पडेन मी," जाकिनो म्हणाला. "थांब, ती भाव सांगेल आता."

तो भोकातून बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग त्याने दगडासाठी हात मागे केला.

"गेली," तो म्हणाला. "एका नकारावर कधी कोणी जातं का? नवखी दिसतेय."