स्वच्छ पाणी

"आज बाटली मी भरणार," ती म्हणाली आणि तिनं दादाच्या खांद्यावरची बर्फाची पेटी काढून घेतली.

दादानं पेटी सोडली, पण पट्टा क्षणभर बोटांत अडकवून ठेवला. "भर की. समुद्र काही माझ्या बापाचा नाही. आणि असलाच तर तुझ्याही बापाचा आहे."

कारखान्याच्या कुंपणाला लागून जुना धक्का होता. एका अंगानं सांडपाण्याचा जाड नळ समुद्रात उतरला होता, दुसऱ्या अंगानं दगडी पायऱ्या. दर आठवड्याला इथलं पाणी भरून प्रयोगशाळेत पोचवणं हे दादाचं काम, आणि ते तपासणं हे तिचं. दोन्ही लेकरं एकाच ठिकाणी कामाला, याचं आईला कोण कौतुक.

गेले काही महिने हे पाणी नको इतकं चांगलं येत होतं. तेल नाही, अमोनिया नाही, जिवाणू तर औषधालाही नाहीत. क्षार तेवढे समुद्राचे, अगदी मापात. प्रयोगशाळेचे साहेब खूश होते. तिला मात्र ते पाणी पटत नव्हतं. एकदा तिनं सहज त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. समुद्राच्या थेंबात कुणी ना कुणी असतंच, काचेच्या सुईसारखं, होडीसारखं, शेपटी हलवत पळणारं. या थेंबात कुणीच नव्हतं. पुढच्या बाटलीत नाही, त्याच्या पुढच्या बाटलीतही नाही. अहवालात याला रकाना नव्हता, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं.

असं पाणी कसं मिळतं, हे तिनं मनाशी जुळवलं होतं. कारखान्यातच कुणी तरी समुद्राचं पाणी गाळून, उकळून कॅनमध्ये भरत असणार. फाटकावर तो कॅन दादाच्या हवाली होत असणार. इथवर तंगडतोड न करता दादा घरीच बाटल्या भरत असणार. ती अजून कुणाजवळ बोलली नव्हती. आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग साहेबांकडे जायचं. दादाची नोकरी गेली असती, आणि वहिनीनं पुन्हा तिला दारात उभं केलं नसतं.

"रविवारी आमच्या पलंगाखाली काय शोधत होतीस?" दादानं मागून विचारलं.

"चप्पल."

"चप्पल दाराबाहेर होती. मी वहिनीला सांगितलं, बाईंचा झुरळांवर अभ्यास चाललाय." तो हसला नाही. "काय सापडलं?"

"एक बॅग. दोन उशा."

"पोलिसात जायचं होतंस. गणवेश तरी मिळाला असता."

ती पायऱ्या उतरू लागली. ओहोटी होती. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. अशा ठिकाणी उतरताना तिचं पाऊल आपोआप आडवं पडायचं, हात आधार शोधायचा. पण आधाराची गरजच लागली नाही. दगड खरखरीत, कोरडा, थेट पाण्यापर्यंत. ती वाकली आणि पाण्याच्या कडेला तिनं तळवा फिरवला. शेवाळ नाही. कालवं नाहीत. फटीत शिरणारा एखादा खेकडा नाही. नुकतीच घासून काढलेली न्हाणीघराची फरशी असावी तसा दगड. वासही समुद्राचा येत नव्हता. पोहण्याच्या तलावावर क्लोरीनचा येतो, तो येत होता.

"कुठून भरतोस तू?"

"तू उभी आहेस तिथूनच. आता पायरीवर माझं नाव कोरून ठेवलेलं नाही, त्याला काय करू?"

तिनं बाटली बुडवली, भरली, झाकण लावण्याआधी एक थेंब काचेवर घेतला. खिशातला छोटा सूक्ष्मदर्शक डोळ्याला लावला. दादा वरच्या पायरीवर उकिडवा बसला.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघ, माझे आई. आळ माझ्यावर आहे."

तिनं दुसरा थेंब घेतला. मग नळापासून थोडं लांब जाऊन तिसरा.

"खरंच काही नाही यात, दादा."

दादा उठून उभा राहिला. "म्हणजे माझं पाणी खरं होतं," तो म्हणाला. "भर उन्हात इथवर येतो मी. एक आठवडा चुकवलेला नाही. आणि माझी सख्खी बहीण माझ्या घरात पालथी पडून..."

"तुझं पाणी खरं होतं," ती म्हणाली.

पलंगाखाली कॅन सापडला असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नळाचं तोंड पाण्याखाली होतं. तिथलं पाणी तळापर्यंत दिसत होतं, आणि ती आता त्या तळाकडे बघत होती; तिथंही काही जिवंत नव्हतं.

दादाच्या मनावरचं ओझं मात्र उतरलं होतं. "जाऊ दे, बहिणीवर किती दिवस रुसायचं," म्हणत तो तिच्या शेजारी उतरला. घामानं त्याची मान चमकत होती. त्यानं बाह्या कोपरापर्यंत सारल्या, ओंजळ भरली आणि चेहऱ्याकडे नेली.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"नको."

"का? आत्ता तूच म्हणालीस ना, यात काही नाही म्हणून?"

तिनं मनगट सोडलं नाही. ओंजळ पूर्ण रिकामी होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.