देणाऱ्याचा नियम

“तिला सांग, तुझी किडनी आईला जुळत नाही. बस्स, एवढंच सांग,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

समोर बसलेला प्रत्यारोपण विभागाचा प्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. बाहेर बाकावर बाईंची लेक बसली होती. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. प्रयोगशाळेत ओळख काढून बाईंनी कालच विचारून घेतलं होतं. दोघींचं छान जुळत होतं.

प्रीएक्लॅम्प्सिया या एकाच दुखण्याचा पिच्छा बाईंनी उभी हयात पुरवला होता. गरोदर बाईचा रक्तदाब भडकतो, किडन्या घायकुतीला येतात, कधी आई आणि बाळ दोघंही हातची जातात. लेकीच्या वेळी बाईंना तेच झालं. दोघी वाचल्या, बाईंच्या किडन्या मात्र तेव्हापासून कुरकुरत राहिल्या आणि आता त्यांनी हात टेकले होते. मूल होण्याआधी किडनी दिली तर पुढे गरोदरपणात हेच दुखणं जडायचा धोका वाढतो, हे बाईंच्याच अभ्यासात निघालं होतं. लेकीचं लग्न नुकतंच झालं होतं. पाळणा अजून हलायचा होता.

“धोका थोडासाच वाढतो, मॅडम. तुम्हीच लिहिलंय.”

“लिहिलं तेव्हा ती लोकांची मुलगी होती रे.”

“आणि नियम? तोही तुमचाच आहे.”

नियम बाईंचाच होता. किडनी देणाऱ्याला एकटं बसवून विचारायचं. त्याचं मन नसेल, तर घरच्यांना नुसतं ‘जुळत नाही’ म्हणून सांगायचं, म्हणजे जन्मभर कुणी त्याला टोचून खाणार नाही. खोटं बोलायचं ते फक्त देणाऱ्यासाठी. घेणाऱ्याच्या सांगण्यावरून कधीच नाही. बाईंनी हे सगळ्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतलं होतं.

“तुमच्या सांगण्यावरून मी खोटं बोलणार नाही,” असं म्हणून तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला. बाई तोंड पाडून त्याच्या मागे निघाल्या.

लेक उभी राहिली. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुमची किडनी आईंना जुळत नाही.”

बाईंच्या जिवात जीव आला. ऐकलं बापड्यानं शेवटी! आता लेकीला आवरायचं तेवढं बाकी होतं. ती वकील. दुकानदार ‘माल संपला’ म्हणाला, तर त्याचं गोदाम बघायला निघणारी. आता ही ‘पुन्हा तपासा’ म्हणणार, हे ठरलेलंच. ज्यांना खरोखर द्यायची असते ते सगळेच म्हणतात. नवरे म्हणतात, बहिणी म्हणतात. एका म्हाताऱ्या बापानं तर डॉक्टरांनाच शिव्या घातल्या होत्या.

लेक नुसतं “बरं” म्हणाली. तिनं पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. एक प्रश्न विचारला नाही.

बाईंनी विद्यार्थ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यानं त्यांचं ऐकलंच नव्हतं. त्यानं नियम पाळला होता.

अगदी हवं तेच झालं होतं आणि तरी बाईंना ते गोड लागेना. ही सुटका त्यांना आपल्या हातानं लेकीला द्यायची होती. एकटीला बसवून विचारलं तेव्हाच लेकीनं ती मागून घेतली होती. क्षणभर त्यांना रागही आला, अगदी खराखुरा. मग त्यांना लेकीचा चेहरा दिसला. ती भिंतीकडे, छताकडे, जिन्याकडे, सगळीकडे बघत होती; फक्त आईकडे नाही. हा चेहरा घेऊन पोर उद्या संसार करणार होती.

जिना उतरताना लेक मध्येच थांबली. “आई, मी... मला...”

“काही बोलू नकोस,” बाई म्हणाल्या. कठड्यावरचा तिचा हात त्यांनी घट्ट धरला. “मी मघाशी आत कशाला गेले होते, माहितीये? त्याच्यापुढे हात जोडायला. म्हटलं, काय वाट्टेल ते कर, पण हिची किडनी मला जुळत नाही म्हणून सांग.”

“खोटं बोलतेस.”

“तुझी शपथ.”

लेकीनं मान वर केली, आणि सकाळपासून पहिल्यांदा आईच्या डोळ्यांत पाहिलं.