पोटातला कागद

“पेंढामावशी, पाटी तेवढी बदलून टाका,” साहेब म्हणाले. “‘दुर्मिळ’ पुसायचं आणि ‘नामशेष’ लिहायचं. एका शब्दाने काही हात झिजायचा नाही.”

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टेबलावर काचपेटी उघडून ठेवली होती. आत शेंदरी गळ्याची पाणकोंबडी उभी होती. तिच्या पायाला बांधलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर नव्वद वर्षांपूर्वीची तारीख होती. समोरच्या खुर्चीत गावाबाहेरची दलदल बुजवून गोदामं बांधणारे अभियंते ऐसपैस बसले होते. हातात शाळांना वाटायच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेचा कच्चा छापा. त्यांनी सतरावा प्रश्न मोठ्याने वाचला.

“आपल्या दलदलीतून कोणता पक्षी कायमचा नाहीसा झाला? वा. आता पोरंसुद्धा पाठ करतील. पक्षीच नाही म्हटल्यावर दलदल राखायची कुणासाठी, डासांसाठी?”

साहेबांनी पक्षी नामशेष झाल्याच्या दाखल्याचा कागद पुढे ओढला. त्यावर सही झाली की उद्या सकाळी मातीच्या गाड्या सुटणार होत्या.

मावशी एकतीस वर्षं याच खोलीत मेल्या पशुपक्ष्यांत पेंढा भरत होत्या. पेंढा संपला की रद्दीचा बोळा कोंबायचा, वर बारीक टाके घालायचे. मोठ्याने बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. निवृत्तीला चार महिने उरले होते. गेलं वर्षभर मात्र रोज पहाटे देवापुढे हात जोडले की त्यांचं मन एकाच गोष्टीपाशी अडायचं. ती त्यांनी देवाला सांगितली होती, साहेबांना नाही.

त्यांनी ब्रश उचलला. रंगात बुडवला. मग पुसून परत ठेवला.

“ती आहे अजून, साहेब.”

“मावशी, तुम्हाला सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागतात,” अभियंते म्हणाले. “तुम्हाला कुठे दिसली? पुरावा आहे का काही?”

मावशींनी पाणकोंबडी पेटीतून बाहेर काढली, उताणी केली आणि कात्री घेतली.

“अहो, काय करताय?” साहेब अर्धवट उठले. “नव्वद वर्षांची वस्तू आहे ती. जगात एवढी एकच.”

“नव्वद वर्षांची होती, ती कसरीच्या किड्यांनी खाल्ली, साहेब. डांबरगोळ्या बदलायच्या माझ्याकडून राहिल्या. मागच्या वर्षी पेटी उघडली तर आत नुसता भुसा.”

“मग ही कोण?”

“ही त्याच आठवड्यात आपल्या जिन्याच्या काचेवर आपटून मेली. दलदलीकडूनच आली होती. मी हिच्यात पेंढा भरला आणि जुनीची चिठ्ठी हिच्या पायाला बांधली. कुणाला कळू नये म्हणून.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हे मला वर कळवावं लागेल, मावशी. नोकरी तर जाईलच. पेन्शनचंही काही सांगता येत नाही.”

“कळवा. मीच लिहून देते.”

“जाता जाता आमचं काम अडवायला रचलेली गोष्ट आहे ही,” अभियंते म्हणाले. “कोण विश्वास ठेवणार हिच्यावर? तुम्ही सही करा, साहेब.”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक टाका त्या सावकाश कापत गेल्या, जणू पाखराला दुखेल. पोट उघडलं. थोडा पेंढा टेबलावर सांडला. त्यामागून वर्तमानपत्राचा घट्ट बोळा निघाला. तो त्यांनी टेबलावर ठेवला, तळहाताने घडीन् घडी सपाट केली आणि दाखल्याच्या कागदावर पसरला.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

वर गेल्या वर्षीची तारीख होती. तिच्याखाली अभियंत्यांचा हसरा फोटो होता आणि फोटोखाली ठळक अक्षरांत त्यांचंच वाक्य: ‘दलदलीत आता एकही पाणकोंबडी उरलेली नाही.’

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

एरवी मावशी हाताला येईल ती रद्दी कोंबायच्या. हा कागद त्यांनी शोधून घेतला होता.