चारची घंटा

गवंडीकाम शिकायला आलेल्या मावशींनी शेवटची वीट बसवली, थापीच्या मुठीने दोनदा ठोकली आणि मागे सरून कमरेवर हात ठेवले.

"घ्या मास्तर. पोरीच्या लग्नात पोरीला एवढं नटवलं नव्हतं."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून त्यांनी ओळंबा सोडला. दोरा वरपासून खालपर्यंत विटांपासून सारखाच लांब राहिला.

प्रशिक्षण संस्थेच्या या गवंडी वर्गात भिंत रोज बांधायची आणि रोज पाडायची. सिमेंटला कधी पैसे नसायचे. म्हणून चुना-वाळूचा कच्चा माल कालवायचा, भिंत चढवायची आणि चारची घंटा झाली की पाडून, विटा साफ करून दुसऱ्या दिवसासाठी रचून ठेवायच्या. पहिली लाथ मास्तरांची, असा वर्गाचा रिवाजच होता. बावीस वर्षांत त्यांनी हजारो भिंती बांधून घेतल्या, त्यातली एकही संस्थेत उभी नव्हती. बायको होती तोवर संध्याकाळी विचारायची, "आज काय बांधलं?" मास्तर म्हणायचे, "कालचीच भिंत."

यंदा नियम बदलला. अनुदान आता हजेरीपटावरची नावं मोजून मिळणार नव्हतं, झालेलं काम बघून मिळणार होतं. वर्गाने संस्थेच्या उपयोगाचं एक पक्कं काम करायचं आणि अधिकाऱ्यांनी येऊन ते पाहायचं. काम उभं असेल तर वर्ग चालू, नसेल तर बंद. सामानाचे पैसे मात्र आधी मिळाले. सिमेंटची गाडी आली तेव्हा वर्गातल्या लंबूने पहिल्या गोणीचा मुका घेतला होता.

मैदानात सायकली लावायच्या जागेला भिंत घालायची ठरली. खालचे थर काल झाले होते, वरचे आज चढले.

"घंटा झाली की पाय आवरा," मास्तर सकाळपासून बजावत होते. "कोणी पाय उचलला तर तंगडं मोडून हातात देईन."

"मोडा की," लंबू म्हणाला. "प्लास्टर करायला शिकवलंयच तुम्ही."

चारला पाच कमी असताना प्राचार्य अधिकारी बाईंना घेऊन आले. मास्तरांना एकदम किती बोलू आणि किती नको असं झालं. सांधे दाखवले, कोपरा दाखवला, माल कसा कालवला ते सांगितलं.

"बोट फिरवून बघा, मॅडम. एक वीट पुढे आलेली सापडली तर सांगा."

बाईंनी बोट फिरवलं. "छान आहे," त्या म्हणाल्या आणि पर्समध्ये पेन शोधू लागल्या.

"छान तर आहेच, मॅडम, पण ही आता इथनं हलायची नाही. आम्ही गेलो तरी ही..."

घंटा झाली. मास्तर बोलतच होते. त्यांचा उजवा पाय वर गेला आणि भिंतीवर बसला.

वरचे चार थर धपाधप पलीकडे पडले. एक वीट घरंगळत सायकलीखाली गेली. प्राचार्यांचं तोंड उघडं ते उघडंच. मास्तर आपल्या पायाकडे बघत राहिले.

"मास्तर," मावशी हळूच म्हणाल्या, "आता तंगडं कोणाचं मोडायचं?"

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"सवय, मॅडम." मास्तरांनी पाय मागे घेतला. "चारला पाडायची सवय. बावीस वर्षांची."

बाईंनी पडलेल्या विटांकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागद दोनदा वाचला.

"'काम उभे आहे काय', एवढंच विचारलंय यात. शेजारी वेळ लिहायची आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. "माझी गाडी साडेपाचला आहे." आणि त्या बाजूला उरलेल्या विटांच्या ढिगावर रुमाल टाकून बसल्या.

मग कोणी कोणाला काही सांगितलं नाही. विटा साफ करण्यात या वर्गाचा हात धरणारं कोण होतं? ओला माल खरवडला गेला, विटा या हातातून त्या हातात गेल्या. लंबूने दोरी ताणली. प्राचार्य, ज्यांनी आजवर पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं, बाह्या दुमडून पाणी आणू लागले. मास्तर थापीकडे वळले, तशी मावशींनी ती आधीच उचलली.

"तुम्ही लांब राहा. पायाचा भरवसा नाही तुमच्या."

मास्तरांनी घमेलं उचललं आणि माल वाहायला लागले. मावशींनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंतींना माल वाहिला होता.

"पातळ झालाय, मास्तर. घट्ट आणा."

"आणतो."

"आणि जरा पाय उचला. आता उचलला तर चालेल."

या वेळी बाईसुद्धा हसल्या.

पाच वाजून एकवीस मिनिटांनी शेवटची वीट बसली. बाईंनी ओळंबा मागून घेतला, स्वतः सोडला, दोरा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग वेळ लिहिली, सही केली आणि गाडीसाठी जवळजवळ पळतच गेल्या. त्या दिसेनाशा झाल्या आणि लंबूने अशी आरोळी ठोकली की शिवण वर्गाच्या खिडक्या उघडल्या.

हातपाय धुऊन सगळे घरी निघाले. एरवी मैदान तिरपं कापून सरळ फाटकाशी जायचे. काल खालचे थर ओलांडता आले होते, आज मधे पुरी भिंत होती. लंबू तिच्यापाशी जाऊन थबकला.

"च्यायला! आता रोज वळसा पडणार."

"पडू दे," मावशी म्हणाल्या.

एकेक जण वळसा घालून गेला. मास्तर सगळ्यांच्या शेवटी निघाले. वळसा घालून फाटकापर्यंत पोचले, थांबले, परत आले आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा वळसा घालून गेले.