मला खा

"साहेब, मयत स्वतःच म्हणाला होता, 'मला खा.' संमती होती!" मित्राला मारून खाणाऱ्या आरोपीचा वकील दिवसभर कोर्टात हेच घोकत होता. खुनाला कलम होतं. माणूस खाण्याला न्यायाधीशांना कुठेच सापडेना.

घरी येऊन ते टेकतात तोच पावडरने पांढरीफटक झालेली नात मांडीवर चढली. रोजचाच खेळ. "आबा, मला खा!"

आज त्यांचं तोंडच उघडेना. मग तिनेच आपलं इवलं बोट त्यांच्या दातांत सरकवलं.

त्यांनी दचकून ते बाहेर काढलं. "अगं, खरंच चावलो असतो तर?"

"हॅ! तू कशाला चावशील?"

ते थक्क होऊन त्या बोटाकडे बघत राहिले. जो खाणार नाही, त्यालाच माणूस 'खा' म्हणतो.

मयतही मित्रालाच म्हणाला होता.