खाजाभाईंचा नियम

नगरहून दरसाल चौघं जण भंडारदऱ्याच्या पाण्यावर गळ टाकायला यायचे आणि तिथं नियम खाजाभाईंचा चालायचा. पाण्याकाठी बोलायचं नाही, दुसऱ्याच्या गळाला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला आकिबने मदत म्हणून त्यांची वाकलेली काठी उचलली, तर म्हातारा पार ईदेपर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता.

यंदा पाऊस नुसता झोडपत होता, गारठ्याने बोटं वळत नव्हती. खाजाभाई खडकाला टेकून, रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. आकिबने थर्मासमधला चहा कपात ओतून मुकाट्याने त्यांच्या शेजारी नेऊन ठेवला. थोड्या वेळाने त्यांची काठी वाकली, दोरी ताणली गेली, तरी ते हलले नाहीत.

"डुलकी लागली वाटतं. उठवू का?" आकिब शेजारी गळ टाकून बसलेल्या कारभारीदादांच्या कानाशी कुजबुजला.

"मागल्या साली कमी शिव्या खाल्ल्या का? गप बस. त्यांचा मासा हाय, त्यांचं ते बघतील."

आकिब आपल्या गळाकडे वळला.

अंधारून आलं तसे सगळ्यांनी गळ गुंडाळले. आकिब खाजाभाईंना बोलवायला गेला, तर चहाचा कप तसाच, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. त्याने खांद्याला हात लावताच खाजाभाई एका कुशीवर कलंडले. अंग कधीचंच थंड पडलं होतं.

काय करावं ते न सुचून कारभारीदादांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गळाला हात घातला आणि दोरी ओढून घेतली.

 

मासा अजून जिवंत होता.