वेशीवरचा फेटा

कोंडीबाच्या छातीचा पार भाता झाला होता, पण बसायची सोय नव्हती. व्याही जोतीराम दोन पावलं पुढं चालले होते आणि ते काही बसत नव्हते. मुलाच्या बापाआधी मुलीच्या बापानं बूड टेकायचं नाही, ही त्याच्या गावची, करकंबातली रीत हिमाचलातल्या या बर्फाच्या डोंगरावरही लागू आहे, असं कोंडीबानं पहाटेच ठरवून टाकलं होतं.

जोतीरामांचे पाय लटपटताना त्याला मागून स्पष्ट दिसत होते. तरी गडी थांबेना. मानापायी दोघं म्हातारे जिवावर उदार झाले होते.

सगळ्यात पुढं खांद्यावर सोलापुरी चादर टाकून मल्हारी चढत होता. जोतीरामांचा मुलगा, कोंडीबाचा जावई, फौजेत ड्रायव्हर. त्याची बायको गोजर खाली क्वार्टरमध्ये होती, सातवा महिना लागलेली. तिला गावी न्यायला दोघंही व्याही आले होते आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे करकंबाला. पण जोतीराम एकच घोकत होते, "माढ्याला, आमच्या घरी न्हेतो." आठवडाभर एका खोलीत राहून दोघं एकमेकांशी गोजरमार्फतच बोलत होते. शेवटी मल्हारीनं वैतागून त्यांना डोंगर दाखवायला बाहेर काढलं.

राग जुना होता, दुष्काळाच्या साली झालेल्या लग्नातला. वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीपाशी येऊन थांबलं आणि व्याहीभेटीला मुलीचा बापच जागेवर नाही! जोतीराम उन्हात ताटकळले आणि गळाभेट न घेताच मांडवात जाऊन बसले. तेव्हापासून त्यांनी कोंडीबाच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं.

माथा आला. मल्हारी वर जाऊन उभा राहिला. जोतीराम मात्र शेवटच्या पावलाशी थांबले आणि मागं वळले.

"व्हा म्होरं."

आठवड्यातला हा पहिला थेट शब्द. कोंडीबा गडबडला. "न्हाय न्हाय पाव्हणं, मान तुमचा."

"मान कसला! पाय उचलंना माजा."

"माजा बी कवाच उचलंना झालाय की!"

"मंग बसायचं न्हाय व्हय?"

"तुमी बसला न्हाईसा!"

"तुमी मागं खांबावानी हुबं. मी बसू कसा?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि माथ्याच्या एक पाऊल अलीकडं, तिथंच बर्फात फतकल मारली. हसू आवरेना. हसायला तेवढा दम कुठून आला, देव जाणे. मल्हारी वरून आ वासून बघत राहिला.

हसून झाल्यावर जोतीराम म्हणाले, "त्या दिशी वेशीवर बी असाच बसल्तो, तुमच्या वाटंकडं डोळं लावून. कुटं गेल्तासा वो?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. कोंडीबानं कोटाची बटणं सोडली आणि पोटाला गुंडाळलेला गुलाबी फेटा उलगडला.

"ह्यो घरी इसारला हुता. तुमचाच. आनाय पळालो. माघारी येतूय तवर तुमी मांडवात."

"मांडवात द्यायचा की मंग!"

"वेशीवरचा फेटा मांडवात कसा बांदू? भेट हुईल तवाच बांदायचा. म्हनून ठिवलाय."

"आन् हितं पोटाला?"

"आठ दिस पिशवीत ठिवला. द्यायचं धाडस हुईना. आज थंडी लई हुती."

जोतीराम गुडघ्यावर हात देऊन उठले, माथ्यावर गेले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "या."

व्याहीभेट झाली. वऱ्हाडात एकटा नवरदेव. गुलाल नव्हता म्हणून दोघांनी एकमेकांच्या कपाळाला बर्फ चोळला आणि दोघंही गारठ्यानं किंचाळले. कोंडीबाची बोटं बधिर झाली होती, जोतीरामांच्या डोक्यावर फेटा वाकडाच बसला. पण बांधला एकदाचा, म्हणून त्याचा जीव हलका झाला. आता गोजरचं विचारावं, असं त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. आज एवढं मिळालंय, त्यात आणखी मागायचं कसं?

मल्हारीनं उतारावर चादर अंथरली. "आमी फौजेत असंच उतरतो. बसा." तो बापाकडं वळला. "आबा, तुमी म्होरं."

जोतीरामांनी कोंडीबाला दंडाला धरून पुढं बसवलं आणि स्वतः त्याच्या मागं टेकले.

"म्होरं पोरीचा बाप. त्येला आदी पोचाय पायजे. करकंबात बाळंतपनाची तयारी काय मी करू?"

कोंडीबा काही बोलायच्या आत मल्हारीनं मागून ढकललं. चादर सुटली. कोंडीबा अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडत निघाला, रडतोय की हसतोय ते त्याचं त्यालाच कळेना. निम्म्या उतारावर फेटा सुटला आणि मागं लांबच लांब फडफडू लागला. त्याचं एक टोक जोतीरामांनी दातात गच्च धरलं होतं, कारण त्यांचे दोन्ही हात कोंडीबाच्या कमरेला होते.